केळीतल्या खोप्या

3 फेब्रुवारी 2024
नदीकाठच्या केळीत दोन नव्या खोप्या. खरगोनकडची बारेला माणसं. इकडे त्यांना पावराच म्हणतात. एकीचे दिवस भरत आलेले. माझ्या आशाच्या सर्व्हेत तिचं नाव नाही.

4 फेब्रुवारी
कार्ड आहे. मध्य प्रदेशचं, हिंदीत, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. हिमोग्लोबिन 8.2. विचारते तिला, उत्तरं देतो मुकादम. ती माझ्या बांगड्या बघत बसली.

6 फेब्रुवारी
गोळ्या देऊन आले. सिस्टरताईंना विचारलं, हिच्या बाळंतपणाचे माझे 600 रुपये निघतील का? म्हणाल्या, आधी बाळंत तर होऊ दे. घरी नवरा म्हणाला, गावातल्या काय कमी आहेत?
विचारायला नको होतं.

9 फेब्रुवारी
रात्री दोनला सासू दारात. 102 च्या गाडीला पाऊण तास लागला. गाडीत तिनं माझं मनगट सोडलं नाही.
रुग्णालयाच्या दाराशी सासूला थांबवलं, मलाही. आतून ओरडणं. तिचं नव्हे. "आडवी हो! आडवी हो म्हटलं ना!" यांच्यात उकिडवं बसून बाळंत होतात, वर बांधलेला दोर धरून. आत कोणाला ते माहीत असेल? सांगायला मला जाऊ देईनात.
5 वाजून 10 मिनिटं. मुलगी. अडीच किलो.

10 फेब्रुवारी
ताट तसंच परत. पैसे घेतील म्हणून जेवली नाही. तीन दिवस जेवण फुकट, हे मी काल सांगितलं होतं. मराठीत.

11 फेब्रुवारी
48 तास झाले, सोडलं. तिसऱ्या दिवसाची भेट खोपीतच.
सासूनं विचारलं, वार कुठे? त्यांच्यात ती दाराशी पुरतात. पिवळ्या पिशवीत जाते, म्हटलं. पुढे कुठे? मला सांगता येईना.

15 फेब्रुवारी
नाळ पडली. चुलीमागे पुरली म्हणे. मी बघायच्या आत.
जननी सुरक्षाचे 700 अडकलेत. खातं नवऱ्याच्या नावावर, तेही तिकडचं.

20 फेब्रुवारी
ती घड वाहत होती. बाळ बांधावर, झोळीत. मी काही बोलले नाही.

29 फेब्रुवारी
वरून फॉर्म आलाय. सेवेबद्दल समाधानी आहात का? तीन चेहरे छापलेत.
वागणूक? बरी. स्वच्छता? बरी. जेवण? बरं.
पेन पिशवीत टाकला. मुकादम मोटर बंद करायला गेला. तेव्हा म्हणाली, पाणी मागितलं होतं. दोनदा.
फॉर्मात पाण्याचा रकाना नाही.

21 मार्च
बेचाळिसाव्या दिवसाची भेट. खोप्या रिकाम्या. होळीआधीच्या भगोऱ्या बाजाराला गेली सगळी. येतील का परत? मालक म्हणाला, उचल घेतलीय, जातील कुठे?

28 मार्च
फॉर्म दिले. तिचा चेहऱ्यांचा रकाना कोरा ठेवला होता. ताई म्हणाल्या, कोरा चालत नाही.
त्यांच्याच टेबलावरचा पेन घेतला.