निघण्याआधीचा हिशेब

मराठी साहित्यात मुंबई पुष्कळ आहे. मुंबईत पोहोचलेल्या माणसाचे पुढे काय होते, तो कुठे राहतो, काय खातो, कसा मोडतो किंवा तगतो, याविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलत असतो. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या दोन्ही कादंबऱ्या मुंबईच्या झोपडवस्तीच्या, आणि दोन्ही लेखकांची नाळ आमच्या सिंधुदुर्गाशी जुळलेली. परंतु माणूस घरातून निघतो त्याच्या आधीच्या काही महिन्यांविषयी, म्हणजे गाठीला किती आहे, आता निघावे की आणखी एक पावसाळा थांबावे, या हिशेबाविषयी आपले साहित्य बहुधा मितभाषी राहते. नायक मुंबईत उतरलेला असतो. त्याच्या तिकिटाचे पैसे कुणी दिले, हे आपण विचारत नाही.

मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थिनीने तो विचारला. वडील रापणीवर जातात, आई मासळी विकते आणि पर्यटकांच्या हंगामात दोन खोल्या भाड्याने देते. मुलगी मराठी घेऊन एम. ए. झाली. तिच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे, कारण आमचा जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. प्रत्यक्ष मुंबई मात्र तिने दोनदाच पाहिलेली. इथे तासिका तत्त्वावर शिकवून तिने साठ हजार रुपये साठवले होते. मुंबईत मुद्रितशोधनाचे आणि भाषांतराचे काम मिळण्याची शक्यता होती. तिने विचारले, “मॅडम, किती पैसे साठले काय मुंबयक जावचा?”

उत्तर देण्याआधी मी माझ्या आजोबांचा विचार केला. ते १९४८ साली मालवणहून आगबोटीने गेले. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. ‘कधी जायचे’ हा निर्णय त्यांच्या काळी बराचसा समुद्रच घेत असे, कारण पावसाळ्यात बोटी बंद असत. भातकापणी उरकली, समुद्र निवला, की बंदरात पडावात बसून बोट गाठायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. घरात सांगितले जाते त्याप्रमाणे आजोबांकडे अकरा रुपये, उकड्या तांदळाचे गाठोडे आणि सुकी सुंगटे होती. तिकीट चुलतभावाने काढले होते. बचत या शब्दाला त्या अकरा रुपयांत काही अर्थ नव्हता.

तरीही तो माणूस उघड्यावर पडला नाही. लालबागेत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली होती. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसे तिथे आळीपाळीने झोपत. एकाची वळकटी उचलली की तिथेच दुसऱ्याची पडे. जेवण खानावळीत, आणि त्याचे पैसे पगार झाल्यावर. इकडे गावात आजी, दोन गुंठे भात आणि चार माड. म्हणजे बचत होती. ती रोख नव्हती, एवढेच. थोडी लालबागच्या खोलीत, थोडी खानावळीच्या उधारीत आणि थोडी गावच्या मळ्यात अशी ती वाटून ठेवलेली होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांविषयी लिहिताना हेच दाखवले आहे, की कामगाराने गावाशी धरून ठेवलेला संबंध हा निव्वळ जुन्या वळणाचा अवशेष नव्हता. शहरातल्या नोकरीची शाश्वती नव्हती, म्हणून तो आधार जपावा लागत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा हा आधार किती खरा होता ते दिसले. आजोबा त्या वर्षी गावी परतले आणि कायमचे राहिले. मळ्यातल्या भाताने ते वर्ष काढले.

आमच्या परिसरातल्या कवीचे उदाहरणही याच अंगाने पाहता येते. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवत होते आणि ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहीत होते. १९५९ साली ते मुंबईला गेले, त्याच वर्षी ‘जोगवा’ प्रसिद्ध झाला. पुरेसे साठले म्हणून ते निघाले, असे कुणी म्हणणार नाही. कवितेने जोडलेले स्नेही, विशेषतः मंगेश पाडगावकर, यांच्या खटपटीतून आकाशवाणीवर काम मिळाले. गिरणीकामगाराला लालबागची खोली होती, तशी या कवीला ‘सत्यकथे’ने मिळवून दिलेली ओळख होती. ती नोकरी फार टिकली नाही आणि पुढची ओढाताण सर्वश्रुत आहे. ओळखीने शहराचे दार उघडते. आत निभावण्याची हमी ती देत नाही. पण ते दार उघडले नसते तर ‘दिवेलागण’ आणि ‘नक्षत्रांचे देणे’ लिहिणारा माणूस कुडाळच्या उधारीच्या वह्यांतच अडकून पडला असता, अशी शंका माझ्या मनातून जात नाही.

इथवर विचार केल्यावर एक गोष्ट टोचू लागली. लालबागच्या त्या खोलीत बाई नव्हती. ती सारी व्यवस्था पुरुषांची होती, आणि तिचा निम्मा भार गावात राहिलेल्या बायकांनी उचललेला होता. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली होती. या आकड्यांकडे पाहताना मला माझी आजी दिसते. गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याची वाट पाहत तिने चौतीस वर्षे तो मळा राखला. आजोबांची बचत म्हणतात ती तिच्या हातात होती. मुंबईत ज्या बायका पोहोचल्या, त्यांतल्या अनेकींनी खानावळी चालवून दुसऱ्यांना पगार होईपर्यंत जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते अशाच सावकारीत अडकलेल्या खानावळवाल्या बायकांसाठी. एकटी मुलगी नोकरीसाठी निघाली तर तिने कुठे पाठ टेकावी, याची तरतूद मात्र आमच्या गावकीने केली नव्हती.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच आजोबांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. आता बोटीची वाट पाहावी लागत नाही. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. संध्याकाळी कुडाळला बसावे, पहाटे मुंबई. प्रवास सोपा झाला आणि पोहोचणे महाग झाले. जुन्या खोल्यांच्या जागी बुरूज उभे राहिले, गावची माणसे दिवा, डोंबिवली, नालासोपाऱ्याकडे पांगली. अनामत, दलाली, पहिल्या महिन्याचे भाडे, लोकलचा पास: पूर्वी जे दहा माणसांत वाटलेले असे, ते सगळे आता एकटीच्या बँकखात्यात असावे लागते. मग कोणतीही रक्कम अपुरीच वाटते. मी तिला सांगणार होते, की आणखी एक वर्ष थांब, लाख होऊ देत. मीही पूर्वी मुंबईची संधी आली असता असाच हिशेब मांडून इथे राहिले. त्याची खंत नाही, पण तो माझा, नवऱ्याच्या पगाराच्या आधाराने केलेला हिशेब होता.

तिच्या आईने तो सल्ला तोंडातून बाहेर पडण्याआधीच निकालात काढला. “बाई, पावसात पैसो रवणा नाय. जावचा तर आताच जावंदे तिका.”

त्या वाक्यात आमच्या किनाऱ्याचे सगळे अर्थशास्त्र होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि खवळलेल्या समुद्रात रापणही लागत नाही. पर्यटक नाहीत, कॉलेजच्या तासिकाही सुरू व्हायच्या असतात. मे महिन्याच्या अखेरीस घरात जास्तीत जास्त पैसा असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तो उतरत जातो. मुलीने मागच्या तीन वर्षांच्या नोंदी काढून दाखवल्या: दर मे महिन्यात पन्नास-साठ हजार, दर ऑगस्टमध्ये त्याचे निम्मे. थांबून रक्कम वाढणार नव्हती. साठवणे म्हणजे वर चढत जाणारी रेघ, हे मासिक पगार घेणाऱ्या माझ्यासारखीचे गणित. त्यांच्या घरात ती भरती-ओहोटी होती, आणि निघायचे तर भरतीलाच.

मग आम्ही तिघींनी बसून ठरवले. वीस हजार घरच्या पावसासाठी आईकडे राहतील, चाळीस ती नेईल. त्यांतले तीन हजार परतीसाठी वेगळे, कितीही अडले तरी न मोडण्याचे. दिवाळीपर्यंत मुदत, तोवर पगार आणि खर्च यांचा मेळ बसला नाही तर परत यायचे, आणि त्याला हार म्हणायचे नाही. राहिला प्रश्न पाठ टेकण्याचा. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी तिघी डोंबिवलीत एकत्र राहतात. त्यांना फोन केला. अनामतीचा वाटा पहिल्या तीन पगारांतून घेऊ, गादी मात्र तिने आणावी, असे त्या म्हणाल्या.

त्या तिघींपैकी एक देवगडची आहे, एक वेंगुर्ल्याची, एक आचऱ्याची. चौथी आता मालवणची. येणाऱ्या मुलीसाठी कोपरा राखायचा आणि नोकरी बदलून जाणारीने आपली अनामत लगेच न मागता पुढचीच्या नावे ठेवायची, असा नियम त्यांनी आपापसात केला आहे. त्याला त्यांनी काही नाव दिलेले नाही. आजी असती तर तिने ती खोली नक्की ओळखली असती.