फुटक्या कपबशांची बाग

चंदीगडला गेलात, तर सुखना तलावाजवळचं, सेक्टर 1 मधलं रॉक गार्डन नक्की बघा. अरुंद वाटा, बुटकी दारं, धबधबे आणि रांगेने उभ्या असलेल्या मूर्ती. जवळ जाऊन पाहिलंत तर कळेल, कुणाचं अंग बांगड्यांच्या काचांचं आहे, तर कुणाचं फुटक्या कपबशांचं!

ही किमया नेक चंद यांची. ते सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांतलं टाकाऊ सामान ते सायकलवरून आणायचे आणि राखीव जंगलात गुपचूप रचायचे. सुमारे 18 वर्षांनी अधिकाऱ्यांना पत्ता लागला. बाग बेकायदा होती, पाडली जाण्याचीच भीती होती. पण लोक तिच्या बाजूने उभे राहिले आणि 1976 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

घरी परतल्यावर तुमच्या बाल्कनीतही हे करून बघा. हातमोजे आणि चष्मा घाला, फुटक्या टाइल्स जाड कापडात गुंडाळून हातोडीने तुकडे करा. मातीची कुंडी पुसून घ्या आणि टाइल चिकटवण्याच्या मसाल्याने तुकडे लावा. दिवसभर वाळू द्या. मग फटींत पांढरं सिमेंट भरून ओल्या स्पंजने पुसा. तळाचं छिद्र मात्र मोकळं ठेवा, नाहीतर मुळं कुजतील. मुलांना नक्षी ठरवू द्या, धारदार तुकडे तुम्हीच हाताळा.

आता हातून कप निसटला, तर तुकडे लगेच कचऱ्यात टाकू नका. एखादी कुंडी त्यांची वाट बघत असेल.