आता नाही होत

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याने काम करण्याचे नाकारले आहे. मी बाळंतपणातली सोबतीण; कळ आली असता बाईच्या कमरेखालच्या हाडावर तळहाताच्या टाचेने जो भार घालावा लागतो, किंवा दोन्ही कुल्ले बाजूंनी आत दाबून धरावे लागतात, ते आता मला एक-दोन कळांपुरतेच साधते. आणि बाळंतपण काही एक-दोन कळांत आटोपत नाही, त्यातून मुलाची पाठ आईच्या पाठीला लागलेली असली म्हणजे तर रात्रभर हाताला उसंत नसते. तेव्हा दाबण्याचे काम मी माझ्या शिष्येकडे सोपवले. ती मूळची फिजिओथेरपिस्ट, वयाने तिशीच्या आतली, पंजा माझ्यापेक्षा रुंद. मी स्त्रीच्या उशाशी, स्टुलावर बसू लागले. बढती म्हणावी तर बढती, नाहीतर पेन्शन.

या बदलीने जे उघडे पाडले, त्याची मला इतक्या वर्षांत कल्पना नव्हती. पिशवीचे तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडले, पाय थरथरू लागले, वरच्या ओठावर घाम फुटला, एखादी उलटी झाली, की बहुतेक स्त्रिया थोड्याफार फरकाने एकच वाक्य बोलतात : "आता नाही होत माझ्याच्यानं. फाडा पोट आणि काढा एकदाचं बाहेर." या कामात असलेल्या कोणालाही हे वाक्य नवे नाही, ते ऐकू आले की आपण मनातल्या मनात हिशेब करतो, मूल जवळ आले म्हणून थोडे सुखावतो, आणि हात अधिक जोराने लावतो. मीही आजवर तेच करीत आले. हाताने दिलेल्या उत्तराचा मोठा गुण असा की ते होकारही नसते आणि नकारही नसते. दाबलेल्या हाडाला बरे वाटते, पुढची कळ येते, आणि प्रश्न मागे पडतो. आता माझे दोन्ही हात मांडीवर असतात, ती माझ्या तोंडाकडे पाहत असते, आणि मला बोलणे भाग असते.

काय बोलावे, याचा विचार गेले कित्येक महिने माझी पाठ सोडीत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुली सातव्या-आठव्या महिन्यात आपली इच्छा कागदावर उतरवून देतात : कळा वाढवण्याचे सलाईन विनाकारण लावू नये, कात्री शक्यतो चालवू नये, पाय बांधून उताणे निजवू नये, बाळ जन्मताच छातीशी द्यावे, आणि शस्त्रक्रिया अगदी अटळ असेल तरच करावी. हा कागद म्हणजे आमचे मुखत्यारपत्र. मुखत्याराने अशिलाच्या हुकमाबाहेर जाऊ नये, असा दस्तूर आहे. परंतु अशील एकच आणि हुकूम मात्र दोन, एक दुपारी पंख्याखाली चहा घेत लिहिलेला आणि दुसरा पहाटे तीन वाजता खाटेचा गज धरून ओरडलेला, असे असेल तर कोणता शिरसावंद्य मानावा? कागद पुढे करून तिला गप्प केले, तर प्रसूतिगृहातील ज्या वृत्तीविरुद्ध आम्ही फिर्याद घेऊन उभ्या आहोत तीच वृत्ती माझ्या तोंडून बोलते, की तिला या घटकेला काय कळते आहे. पहाटेचा हुकूम तत्काळ बजावला, तर महिन्याभराने तीच मुलगी, डोळे खाली घालून, "मावशी, तुम्ही मला थांबवलं का नाही?" असे विचारणार नाही याची हमी कोणी द्यावी? मला दोन्ही तक्रारी ऐकाव्या लागल्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

परदेशी पुस्तकांत यावर एक तोड सांगितलेली असते : आधीच एक सांकेतिक शब्द ठरवावा; ती "नाही होत" असे कितीही वेळा म्हणाली तरी तो विलाप समजावा, पण तो शब्द उच्चारला तर मात्र ती खरी मागणी समजून वेदनाशमनाची तजवीज करावी. तोड सुबक आहे. एका मुलीने "केशर" हा शब्द ठरवला होता, आणि ऐन वेळी तो तिला आठवेना. "तो शब्द, तो शब्द," एवढेच ती म्हणत राहिली, आणि मी कायद्याचा कीस काढीत बसले की शब्दाची आठवण हीच मागणी धरावी की काय. तीन कळा थांबून पुन्हा विचारावे, हा दुसरा शिरस्ता मी पुष्कळ दिवस पाळला. त्यातली खोच अशी की तीन कळांत पुष्कळदा मूल इतके खाली येते की विचारण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणजे तो निर्णय तिचा नव्हे, घड्याळाचा होतो, आणि श्रेय मात्र मी घेते.

शिवाय हे वाक्य ऐकणारी मी एकटी नसते. संमतीचा छापील कागद शेजारच्या टेबलावर तयार असतो, आणि ज्या वाक्याची वाट पाहिली जात होती ते ऐकू आल्यावर त्यावर सही मिळवण्यास विलंब लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांमधील ४७.४ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. सरकारी संस्थांत हेच प्रमाण १४.३ टक्के. त्या ४७.४ पैकी किती जणींनी "फाडा" म्हटले होते आणि किती जणींकडून ते म्हणवून घेतले गेले, याचा रकाना पाहणीत नाही. म्हणवून घेण्याला आधार असतो तो घड्याळाचा : पिशवीचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडावे, हा हिशेब प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांच्या आलेखांतून रूढ झाला. १९५५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून आपला आलेख मांडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, पाच सेंटिमीटरपर्यंत बाळंतपणाला खरा वेग आला असे समजू नये, आणि पुढेही केवळ ताशी एक सेंटिमीटरच्या मोजणीवरून हस्तक्षेप करू नये, असे स्पष्ट सांगितले. तरीही "सकाळपासून चारच बोटं" हे उद्गार उशाशी उभे राहून, तिला ऐकू जातील अशा आवाजात काढले जातात. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी प्रसूतिकक्षात सोबतिणीला मुभा दिली, ही मोठीच गोष्ट झाली. पण मुभेसोबत जी कलमे घातली त्यांत, सोबतिणीने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, असेही एक आहे. कर्मचाऱ्याचे बोलणे हे काम आहे काय, आणि त्यावर मी डोळे वटारले तर ती ढवळाढवळ ठरते काय, याचा निवाडा मी अद्याप कोणाकडून करून घेतलेला नाही. डोळे मात्र वटारते.

आमच्या बिरादरीविषयी बोलण्याचे टाळावे असे पुष्कळ जणी सुचवतात. परंतु शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्या, मेणबत्त्या, लॅव्हेंडरचे तेल आणि छायाचित्रकार यांच्यासह दाखल होणाऱ्या भगिनींना हे वाक्य ऐकूच येत नाही, असे माझे मत आहे. त्यांच्या मोबाइलमधली बासरी फार मोठ्याने वाजत असते. दुसरा पंथ त्याहून कडवा. त्यांच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे पराभव, आणि घरचे बाळंतपण म्हणजे हरवलेले सत्ययुग. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, याचा या मंडळींना अभिमान वाटतो. त्याच आनंदीबाईंचे मूल, त्या चौदा वर्षांच्या असताना, वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेले होते, हे त्यांच्या व्याख्यानांत येत नाही. माझी आजी सुईण होती. अडलेल्या बाईच्या पोटावर ती गुडघा देत असे. आदरपूर्वक बाळंतपणाचा वारसा मला तिच्याकडून मिळाला, असे मी व्यासपीठावर सांगते, आणि टाळ्या मिळतात.

या विद्येचा पाया म्हणून आम्ही सगळ्याच जणी ग्वाटेमालातील प्रयोगाचा दाखला देतो. क्लाउस, केनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात सोबत मिळालेल्या स्त्रियांचा बाळंतपणाचा काळ सरासरी पावणेनऊ तासांच्या आसपासचा, तर एकट्या ठेवलेल्यांचा १९.३ तासांचा भरला. बायका मोजक्याच होत्या, पण तफावत विलक्षण. हात निकामी झाल्यावर तो निबंध मी पुन्हा काढून वाचला, या आशेने की गुण हाताचा होता की निव्वळ जवळ असण्याचा, याचा त्यात काही उलगडा मिळेल. मिळाला नाही. सोबतीण पाठ चोळीत होती, हात धरीत होती आणि गप्पाही मारीत होती. कशाने काय साधले हे वेगळे केलेले नाही. पण पूर्वी नजरेआड केलेली एक गोष्ट या खेपेस बोचली. ती सोबतीण कोणतेही शिक्षण न घेतलेली, प्रसूत होणाऱ्या बाईच्या ओळखीचीही नसलेली एक साधी बाई होती. माझ्या अंगठ्याची सारी कारागिरी, जिच्यापायी तो झिजला, तिच्यावाचूनही ते आकडे आलेले होते. हे वाचून मला समाधान वाटायला हवे होते. राग आला.

मागील महिन्यात एका मुलीने ते वाक्य म्हटले, शिष्या कमरेशी होती, आणि काही सुचेना म्हणून मी विचारले, "काय नाही होत?" तिने क्षणभर माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी मूर्ख आहे, मग म्हणाली, "ती बाई दर तासाला हात घालते ते. आज चौथी वेगळी बाई." कळांविषयी ती काहीच बोलली नाही. मी बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंशी मसलत केली, तपासण्या थांबल्या, एकच सिस्टर खोलीत राहिली, दिवा मंद झाला, आणि दीड तासात मुलगा झाला. या यशाने मी इतकी फुगले की पुढच्या बैठकीत तरुण मुलींपुढे तो प्रश्न मंत्रासारखा ठेवला, आणि एकीने तो वहीत चौकट आखून लिहून घेतला, तेव्हा मला फार बरे वाटले.

त्यानंतरच्याच बाळंतपणात मी तोच प्रश्न त्याच सुरात विचारला. "सगळंच," ती म्हणाली. "मावशी, मला कळतंय मी काय म्हणतेय. मला ऑपरेशन हवंय." आवाज स्वच्छ होता, पोटातल्या बाळाचे ठोके उत्तम होते, घाईचे कारण कोणतेच नव्हते, आणि तिने तसे सांगितल्यावर माझ्याकडे शिल्लक युक्ती नव्हती. एपिड्युरलविषयी मी एकदा विचारले, ते तिने नामंजूर केले. संमतिपत्रावर तिने स्वतः सही केली, आणि साक्षीदाराच्या जागी माझी घेतली गेली.

बारशाला मला आग्रहाचे बोलावणे होते. पाळण्याशी उभी असलेली ती मुलगी टवटवीत दिसत होती. आल्यागेल्याला "या माझ्याबरोबर होत्या, मी म्हटलं तेच यांनी होऊ दिलं," असे माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती. "तोंड आठ सेंटिमीटर उघडलेलं होतं हो," हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आले होते. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी घुगऱ्यांचा द्रोण माझ्या हातात दिला, आणि मी घुगऱ्या खाऊ लागले.