माळ्यावरचे डबे

चि. सई,

पुण्याच्या पेठांमध्ये वर्षाचं धान्य भरण्याची पद्धत मुळात संकटासाठी नव्हतीच, ती पावसाळ्यासाठी होती. होळीनंतर नवा गहू बाजारात येई आणि भाव उतरलेले असत; एकदा पाऊस लागला की धान्याला ऊन दाखवायची सोय उरत नसे. म्हणून एप्रिल-मेमध्ये नाना-भवानी पेठेतल्या भुसार बाजारातून पोती हातगाडीवर घरी येत. गहू अंगणात कडक वाळवून त्याला एरंडेल चोळलं जाई, तांदळाला बोरिक पावडर लावत, डाळींत बिब्बे टाकत. तापलेला गहू लगेच डब्यात गेला तर आत घाम धरतो, म्हणून तो रात्रभर निवू द्यायचा. या एका गोष्टीवरून घरोघर सासवा-सुनांची जुंपत असे. जोडीला कुरडया, सांडगे, पापड, लोणचं, चिंच. परदेशातून फोनवर ‘एवढे डबे कशाला?’ असं विचारणाऱ्या नातीला माळ्यावर दिसले ते पत्र्याचे चौकोनी डबे या रिवाजातले. तेलाच्या रिकाम्या डब्यांना डबेवाल्याकडून झाकणं बसवून घेतलेली.

ते माळ्यावर का, याचं उत्तर मात्र १२ जुलै १९६१चं आहे. त्या दिवशी काम अपुरं असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही. मुठेचं पाणी लकडी पुलावरून गेलं आणि नदीकाठच्या पेठांत शिरलं. बेगमी नुकतीच झालेली, कोठ्या काठोकाठ, आणि कोठीची खोली नेहमी तळमजल्यावर. शिवाय नळाचं पाणी खडकवासल्याहून येई, तेही बंद. विहिरींवर झुंबड उडाली. ज्यांचं धान्य वाचलं त्यांच्याकडेही ते शिजवायला पाणी नव्हतं.

या घरात पुराची तारीख सोडली तर बाकीचं सगळं ज्याच्या-त्याच्या परीने सांगितलं जातं. डब्याबद्दल मात्र एकमत आहे. झाकण घट्ट बसलेला गव्हाचा एक डबा पाण्यावर तरंगत जिन्याला येऊन अडकला. उरलेल्या गव्हाला पाणी ओसरल्यावर मोड आले, मग तो आंबला, आणि तो वास भिंती धुतल्या तरी दिवाळीपर्यंत जाईना. अडकलेल्या डब्यातल्या गव्हाच्या पोळ्या शेजारच्या तीन बिऱ्हाडांनी खाल्ल्या. (कुणी पाच बिऱ्हाडं सांगतात, डबा तेवढाच राहतो.) त्यानंतर धान्य वर गेलं आणि मोरीत पाण्याचं पिंप कायम भरलेलं राहू लागलं.

पुढे १९७२च्या दुष्काळात डबे होते, भरायला धान्य नव्हतं. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळे. त्याच्या भाकरीची नावडही घरोघर ऐकायला मिळते. रॉकेलच्या रांगा तर त्यानंतरही कितीतरी वर्षं होत्या. नंतर महिन्याचं वाणसामान आलं, आता दहा मिनिटांत मीठ दारात येतं आणि माळे रिकामे झाले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुणेकरांनी दुकानांसमोर रांगा लावल्या. ज्या घरांत अजून गहू भरला जात होता, तिथेही औषधं मात्र आठवडाभराचीच निघाली. म्हाताऱ्यांच्या घरात ही चूक जास्त.

परदेशातल्या दोन खोल्यांत वर्षाचं काही भरायचं नसतं, पण पंधरा दिवसांचं असावं: प्यायचं पाणी, डाळ-तांदूळ, मीठ, नेहमीच्या गोळ्या, बॅटरी. फोनवर चौकशी करणाऱ्यांनी स्वतःच्या फडताळातही बघावं. जुनं पुढे, नवं मागे. डाळ-तांदूळ चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, बाहेर काढून ओल पुरती गेल्यावर डब्यात भरले की किडे होत नाहीत. बोरिक पावडर लागत नाही. बिब्बा तर नकोच. त्याचा चीक अंगावर उततो आणि तिथल्या डॉक्टरला ते कशाने झालं हे समजावत बसावं लागेल. सोबतच्या पार्सलमध्ये फक्त कुरडया आणि सांडगे आहेत.

आजीचे आशीर्वाद