बीजिंगमध्ये अंगठेबहाद्दर

माझ्या नावापुढे बी. ए. ही दोन अक्षरे आहेत. 2017 च्या सप्टेंबरात आम्ही बीजिंगला उतरलो आणि त्याच दिवशी त्या दोन अक्षरांचे मोल शून्यावर आले. यांना कंपनीने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवले होते. हे सकाळी साडेसातला बाहेर पडत आणि मग दोन कोटींहून अधिक वस्तीच्या त्या शहरात मी एकटी उरत असे, जवळजवळ निरक्षर.

इंग्लंड-अमेरिकेला गेलेल्यांना यातली गंमत कळायची नाही. तिथे भाषा अडली तरी अक्षर अडत नाही. बीजिंगमध्ये दुकानाची पाटी, औषधाची बाटली, लिफ्टमधली सूचना, सगळीकडे ती सुंदर, ठाशीव, मुकी अक्षरे. पहिल्याच आठवड्यात मी साखर म्हणून पांढऱ्या खड्यांची एक पुडी आणली. चहाचा पहिला घोट घेऊन यांनी माझ्याकडे असे पाहिले, की लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. ते अजिनोमोटो होते!

सरकारी सोपस्कार मात्र चटकन उरकले. परक्या माणसाने घरात राहायला आल्यावर 24 तासांच्या आत पोलीसचौकीत नोंद करायची असते. कचेरीतला एक तरुण आमच्याबरोबर आला, काय लिहायचे ते त्यानेच लिहिले आणि 'इथे' म्हणून बोट ठेवले तिथे मी सही केली. कशावर केली, देव जाणे. सावकाराच्या कागदावर आंगठा उठवणाऱ्या कुळांच्या गोष्टी आपण वाचलेल्या असतात. त्या दिवशी मला त्या जरा निराळ्या तऱ्हेने आठवल्या.

खरी शाळा भरली ती भाजीबाजारात. तिथे भाव किलोचा नसतो, 'चिन'चा असतो. चिन म्हणजे बरोबर अर्धा किलो, आपल्या जुन्या रत्तलाचा थोरला भाऊ. हे कळेपर्यंत मी टोमॅटो फार स्वस्त आहेत म्हणून यांना रोज सांगत होते. आकडे बोटांवर दाखवायचे, आणि तेही एकाच हातावर दहापर्यंत! पाचापर्यंत आपल्यासारखेच. सहा म्हणजे आंगठा आणि करंगळी ताणून मधली बोटे मिटायची. आपल्याकडे या खुणेचा अर्थ 'फोन कर' असा होतो. म्हणून भाजीवालीने मला सहा दाखवले तेव्हा मी पर्समधून मोबाईल काढून तिच्या हाती दिला. ती बाई इतकी हसली, की शेजारच्या वांगीवाल्यालाही बोलावून आणले.

त्यावर सुरांचे संकट. चिनी भाषेत शब्द एकच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मै' हा शब्द सूर खाली दाबून पुन्हा उचलला तर 'विकत घेणे' आणि वरून झटक्यात खाली आणला तर 'विकणे'! घेणे आणि विकणे ही दोन कामे सुराच्या एका हेलकाव्यावर सोडून देणाऱ्या माणसांनी व्यापारात एवढी मजल मारावी, याचे मला आजही नवल वाटते. मी कित्येक दिवस त्या बाईला तिचीच कोबी विकत होते.

भुयारी रेल्वेत मात्र जिवात जीव येई. तिथे स्टेशनांची नावे रोमन लिपीतही असतात. दारातच विमानतळासारखी झडती. बाटलीत पाणी असेल तर शिपाई घोटभर पिऊन दाखवायला सांगतो. मग तीन युआनपासून पुढे तिकीट. आमच्या घराजवळून दोन नंबरची लाइन जाई. ती गोल फिरते. गोल का, हे मला फार उशिरा कळले. तिथे पूर्वी मिंग बादशहांच्या काळचा शहराचा तट होता. भुयारी रेल्वेसाठी तो पाडला आणि त्याच्या मार्गाखालून गाडी नेली. लिआंग स्सछेंग नावाच्या नामांकित वास्तुविशारदाने तट वाचावा म्हणून खूप खटपट केली, पण ती फळाला आली नाही. शीजमेन हा वेशीचा भव्य दरवाजा 1969 साली गेला. स्टेशनांची नावे मात्र वेशींचीच राहिली. 'मेन' म्हणजे दरवाजा. छाओयांगमेनमधून शहरात धान्य येई, फूछेंगमेनमधून कोळसा आणि शीजमेनमधून बादशहाच्या वाड्यासाठी डोंगरातल्या झऱ्याचे पाणी. हे ऐकले आणि मला आपले चर्चगेट आठवले. तिथले गेट तरी आपल्यापैकी कोणी पाहिले आहे?

बसचा प्रवास ही निराळी परीक्षा. बसचा नंबर वाचता येई, पण ती कुठे कुठे थांबते याची थांब्यावरची उभी यादी चिनी अक्षरांत. आणि रस्ता विचारावा तर बीजिंगचा माणूस डावे-उजवे सांगतच नाही. 'उत्तरेला जा, मग पूर्वेला वळा.' शहर सरळ आखलेले, रस्ते दिशांना धरून, तेव्हा लहान पोरालाही दिशा पाठ. मी मात्र भर रस्त्यात सूर्य शोधत उभी!

अशाच एका सकाळी सूर्य शोधताना मला बायोआत्या आठवली. आत्या राजापूरकडची. गिरगावात आमच्या घरी येऊन राहिली ती शेवटपर्यंत. 'कप उगवतीकडं सरकव गं,' असे ती चहा पितानाही म्हणे. तिला अक्षर येत नव्हते. दर महिन्याला परळच्या दवाखान्यात जायचे असे आणि सोबत मला धाडत. बसचा नंबर मी वाचून सांगितला तरी तिचा विश्वास बसत नसे. थांब्यावरच्या प्रत्येकाला ती खणखणीत आवाजात विचारी, 'ही गाडी परळास जाते ना हो?' मग बसमध्ये शिरल्यावर कंडक्टरला, मग शेजारणीला. मी तेव्हा आठवीत होते. मी चार हात लांब जाऊन उभी राहत असे, ही बाई आपली कोणी नव्हे असा चेहरा करून. आत्याला ते कळत होते की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही आणि 1994 साली ती गेली.

2018 च्या जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून परतत होते. थंडी अशी, की नाकाचा शेंडा आहे की नाही हे हात लावून पाहावे. बसच्या थांब्यावर मोबाईल काढला आणि तो त्या गारठ्याने डोळ्यांदेखत मिटला. नकाशा त्यात, पैसे त्यात, यांचा नंबरही त्यात. (पाठ असलेला एकमेव नंबर आमच्या गिरगावच्या घरचा होता!) पर्समध्ये शंभर युआनची एक नोट. थांब्यावर दहा-बारा माणसे. मी घसा साफ केला आणि येईल त्या सुरात, मोठ्याने, पहिल्या माणसाला विचारले, 'डोंगजमेन? डोंगजमेन?' त्याला कळले नाही. दुसऱ्याला विचारले. तिसऱ्या बाईला विचारले. तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली नात होती. परकी बाई आपल्या आजीशी ओरडून बोलते आहे आणि आजी त्याहून मोठ्याने उत्तर देते आहे, हे पाहून ती मुलगी हळूच दोन पावले सरकली आणि पाटीवरची यादी वाचू लागली.

आजीने चार-पाच वेगवेगळ्या सुरांत माझा शब्द म्हणून पाहिला आणि एका सुराला तिचा चेहरा उजळला. तिने माझी बाही धरली, ती बस येईपर्यंत सोडली नाही. बसमध्ये मी शंभराची नोट पुढे केली तर तिने ती माझ्या पर्समध्ये परत कोंबली आणि आपल्या बटव्यातून दोन युआन काढून कंडक्टरणीला दिले. मग तिला माझ्याविषयी काहीतरी लांबलचक बजावले. सगळी बस ऐकत होती. उतरताना आजीने माझ्यासमोर हात धरला. आंगठा आणि करंगळी ताणलेली.

सहा.

या वेळी मी मोबाईल काढला नाही. एकेक थांबा गेला की एकेक बोट मिटत राहिले. काचेवर वाफ धरली होती, बाहेरचे काही दिसत नव्हते. पाचव्या थांब्यानंतर कंडक्टरणीला विचारले, 'डोंगजमेन?' तिने मान हलवली. खात्रीसाठी शेजारी बसलेल्या गृहस्थांनाही विचारले.

उतरले, उत्तरेकडे तोंड केले, उगवतीला वळले आणि घर सापडले. फाटकावरचा म्हातारा रखवालदार जाडजूड कोट घालून उभा होता. रोज तो मला पाहून काहीतरी म्हणे आणि मी नुसती मान हलवून पुढे जाई. त्या रात्री ते मला कळले. 'ह्वेलायला?' म्हणजे 'आलात का?'

'आले हो,' मी म्हटले, मराठीतच.