मागून येणारी पिल्लं

"सकाळी सकाळी दर्यार काय ठेवलाहा गो तुझा?"

सासूबाईंचा हा प्रश्न यंदा श्रावणापासून मी रोज ऐकते आहे. त्यांचं तरी काय चुकलं? घरात डबे व्हायचे असतात, दूध तापायचं असतं, आणि सून साडेसहाला चपला घालून पुळणीवर! मी माहेरची सांगलीची. लग्न होऊन देवगडात आले त्याला सतरा वर्षं झाली. पण किल्ला आणि पवनचक्क्यांची टेकडी यांच्यामधली ही पुळण मी कधी नीट पाहिलीच नव्हती. पाहुणे आले की त्यांना दाखवून आणायची जागा, एवढंच!

यंदा मात्र घरात बसवेना. थोरली दहावी झाली आणि अकरावीला कोल्हापूरला, वसतिगृहात गेली. पहाटे चारला जाग यायची. आता उठली असेल का, नळाला पाणी असेल का, डोक्याला तेल कोण लावत असेल, हेच डोक्यात. शेवटी हेच म्हणाले, "अगं, जरा फिरून ये, मोकळं वाटेल."

गेले. आणि तिथं ओल्या वाळूवर तुरूतुरू धावणारी पाखरं दिसली. चार पावलं पळायचं, थबकायचं, पटकन काहीतरी टिपायचं, पुन्हा पळायचं. मातकट पाठ, पांढरं पोट, आखूड काळी चोच. उभी राहिली की वाळूत दिसतच नाहीत. याला मराठीत 'चिखल्या' म्हणतात, हे मला शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटातून कळलं. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते, तेवढा माझा कपाटावर हक्क!

मैत्रिणींनो, या छोट्या चिखल्याचं वजन असतं एका कोंबडीच्या अंड्याएवढं, साधारण साठ ग्रॅम. आणि त्याचा जन्म लडाख, तिबेट अशा उंच, थंड मुलखातला. लडाखपासून देवगड सरळ रेषेत धरलं तरी दोन हजार किलोमीटरच्या आसपास. आपल्याला मुंबईची रात्रीची गाडी धरायची तर दोन दिवस आधीपासून तयारी! तिकडे बर्फ पडू लागलं की किडे-अळ्या मिळेनाशा होतात, म्हणून ही मंडळी ऑगस्टपासूनच खाली उतरतात आणि एप्रिलपर्यंत आपल्याकडे राहतात. त्यांचीही तयारी असतेच. निघण्याआधी खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवतात, आणि वाटेत तीच त्यांची शिदोरी. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून ती दिशा ओळखतात. पुष्कळशी तर रात्रीच उडतात.

दसऱ्यानंतर येतात ते कुरव. मच्छीमारांच्या होड्यांमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करत येतो, तेच हे. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी घरटी करतात. गंमत म्हणजे आपल्याकडे असताना त्यांचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं. कानामागे नुसता काळा ठिपका, जणू दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. मार्चमध्ये परतीचे वेध लागले की डोकं रंगू लागतं. कातळावर नशीब असेल तर लाल चोचीचा, काळा-पांढरा कालवफोड्या दिसतो. नावातच त्याचा धंदा आला. आपल्या बायका कालवं काढायला कोयती घेऊन बसतात, हा चोच घेऊन!

सगळेच पाहुणे असतात असं मात्र नाही. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जी खडकाळ बेटं आहेत, तिथल्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात आणि तिथंच नांदतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरून नेली जात. घर कुणी उकळून प्यावं, यापरतं दुर्दैव कोणतं?

पण मुद्दा चिखल्यांचा. गणपतीच्या सुमारास पाहिलं, तर काही चिखल्यांच्या पाठी निराळ्या. प्रत्येक पिसाला फिकट काठ, जणू ब्लाउजला बारीक पायपिंग लावावी तसा. श्रावणात आलेल्यांना हा काठ नव्हता. पुस्तक उघडलं. ही यंदाची पिल्लं! आणि पुढचं वाचून मी तशीच बसून राहिले. किनाऱ्यावरच्या पुष्कळ पक्ष्यांत आईबाप आधी निघून जातात. पिल्लं मागे राहतात, खातात, पंखांत बळ आणतात आणि काही आठवड्यांनी आपली आपण निघतात. वाट त्यांनी कधी पाहिलेली नसते, सोबत वडीलधारं कुणी नसतं. तरी ती येतात.

२०२२च्या ऑक्टोबरात तर गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठंही न थांबता. त्याच्या अंगावर बारीकसं यंत्र बसवलं होतं, म्हणून हे कळलं. नाहीतर कुणाचा विश्वास बसला असता?

खरं सांगू? वाचून आधी मला त्या पाखरांच्या आयांचा रागच आला. असं कसं सोडून जाववतं?

त्याच दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, गणपतीला बाबांना न्यायला पाठवू नकोस. मी एसटीनं एकटी येईन."

घरात एकच गहजब! सासूबाई म्हणाल्या, "पोर एकटी घाटातून येतली?" हे गप्प. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्या काठ लावलेल्या पाठी डोळ्यांपुढे आल्या. म्हटलं, "ये."

म्हटलं खरं, पण तो दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. मोदकांचं सारण करपवलं. गगनबावड्याच्या घाटात फोन लागत नाही, हे माहीत असून दर दहा मिनिटांनी लावत राहिले. गाडी सव्वा तास उशिरा आली. स्टँडवर मी उभी, आणि बाईसाहेब उतरतात त्या शेजारच्या सीटवरच्या आजींची पिशवी खाली उतरवून देत! मला पाहून म्हणाली, "किती गं फोन केलेस! बॅटरी संपली माझी."

दुसऱ्या दिवशी तिला पुळणीवर नेलं. धाकटाही आला. त्यानं चिखल्यांचा थवा पाहिला आणि आरोळी ठोकून त्यात घुसला. सगळी पाखरं भुर्रकन उडाली, आणि मी हसत हसत फोनवर त्याचं चित्रण केलं. थवा पुन्हा टेकला, यानं पुन्हा उडवला. तिसऱ्या खेपेला लेकच म्हणाली, "आई, तूच सांगितलंस ना, चरबी हीच त्यांची शिदोरी म्हणून? मग उगाच उडवून ती संपवायची कशाला?" मी मास्तरीण, पण धडा मला मिळाला! रोजचे माझे पाच फोन तरी दुसरं काय होते?

नागालँडमध्ये २०१२ साली दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले गेले. पण पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार बंद केली. हे ससाणे हिवाळ्यासाठी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. गावानं मनावर घेतलं तर वर्षभरात फरक पडतो. आपल्याला तर मुलांना एवढंच सांगायचं आहे, की थव्यात घुसायचं नाही, कुत्रं मोकळं सोडायचं नाही, कुरवांना शेव-गाठ्या घालायच्या नाहीत. पाखरं पाहायची तर भरती चढत असताना जावं, पाणी त्यांना आपल्या जवळ आणतं. ऊन पाठीशी घ्यावं आणि एका जागी गप्प बसावं. समुद्र नसला तरी बिघडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तुमच्या गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात शेपटी वरखाली हलवणारा धोबी दिसेल. तोही हिमालयाकडूनच आलेला असतो.

आता लेकीला फोन दिवसातून एकदाच, रात्री जेवणं झाल्यावर. कधीकधी तोही तीच करते. दिवाळीलाही ती एकटीच येणार आहे. सारण मात्र या खेपेला सासूबाई करणार आहेत, असं त्यांनी आधीच जाहीर केलं आहे.

काल सकाळी चप्पल घालत होते, तर मागून हाक आली, "थांब गो. माकाय दाखव ती तुझी पोरां."