दाणा न टिपणारे कबूतर

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी, जेथे बाजारपेठ संपते आणि सागाचे रान दिसू लागते, तेथे एका जैन धान्यव्यापाऱ्याचे गोदाम आहे. गोदामामागे जुना वड आहे. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ सकाळी देवदर्शन करून परततात आणि अंगणातील चौथऱ्यावर ज्वारी टाकतात. हा नेम त्यांच्या वडिलांपासूनचा. पारवे, होले, चिमण्या उतरतात आणि थोड्याच वेळात चौथरा स्वच्छ होतो. मात्र वड लाल फळांनी भरला की त्याच्या शेंड्यावर आणखी एक थवा येऊन बसतो. त्यातील एकही पक्षी आजवर ज्वारीच्या दाण्याला शिवलेला नाही.

हा पक्षी म्हणजे हरियाल. लोक त्याला हरोळीही म्हणतात. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी. आकार पारव्याएवढाच, परंतु अंगावर पिवळसर हिरवा रंग, डोके राखी, खांद्यावर जांभळट डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो उंच शेंड्यावर अंग शेकत बसतो, तेव्हा सहज दिसतो. एकदा पानांत शिरला की वीस पक्षी असूनही झाड रिकामे वाटते. केवळ फळे टपटप पडतात आणि अधूनमधून शीळ ऐकू येते. पारव्याचे घुमणे ज्याच्या कानात बसले आहे, त्याला ही मधुर शीळ कबुतराच्या कुळातील आहे हे सांगूनही पटत नाही.

पारव्याचे पूर्वज कड्याकपारींत राहणारे आणि दाणे टिपणारे. माणसाच्या इमारती त्याला कड्यांसारख्या आणि बाजारपेठ शेतासारखी वाटली, म्हणून तो गावात रुळला. हरियालाचे जीवन झाडावरचे. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हा त्याचा मुख्य आहार. एकाच रानातील निरनिराळे वड-पिंपळ वेगवेगळ्या वेळी फळतात. म्हणून इतर झाडे रिकामी असतानाही कोठेतरी त्याचे पोट भरते. पोपटासारखा फांदीला उलटा लोंबकळून तो फळ तोडतो.

उन्हाळ्यात हरियाल काटक्यांचे विरळ घरटे बांधतो. त्यात साधारणतः दोन पांढरी अंडी असतात. नर-मादी दोघेही आळीपाळीने ती उबवतात. पिल्ले जन्मली की दोघांच्याही गळ्यातील अन्नपिशवीत दह्यासारखा पौष्टिक द्रव तयार होतो आणि तोच पिल्लांचा पहिला आहार असतो. हे सामर्थ्य कबुतराच्या साऱ्या कुळाला लाभले आहे. पिता स्वतःच्या देहातून अपत्याला पोसतो, असे दृश्य पक्षिसृष्टीत फार थोड्या ठिकाणी दिसते.

ज्या फळांवर हा पक्षी जगतो, ती फळे या व्यापाऱ्याच्या घरात कोणी कधी चाखलेली नाहीत. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर ही पाच उदुंबरफळे श्रावकाने वर्ज्य करावीत, असे अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात सांगितले आहे. कारण त्यांत त्रसजीव असतात. उंबर फोडल्यावर केंबरे उडताना कोणी पाहिले नाही? या झाडांची फुले फळाच्या आतच दडलेली असतात. सूक्ष्म गांधीलमाशी आत शिरते, परागकण पोहोचवते आणि तेथेच अंडी घालते. तिच्यावाचून झाडाला बी धरत नाही आणि झाडावाचून तिची पिढी वाढत नाही. आचार्यांनी ज्या कारणासाठी ते फळ वर्ज्य ठरवले, त्याच कारणावर त्या झाडाचा वंश उभा आहे.

गेल्या वर्षी या व्यापाऱ्याच्या मुलाने गोदाम वाढवण्याचे ठरवले. वाढीव भाग नेमका वडाच्या जागी येत होता.

“बाबा, यंदाचे सोयाबीन ठेवायचे कुठे? दुसऱ्याच्या गोदामाचे भाडे किती वर्षे भरायचे?” त्याने विचारले.

प्रश्न चुकीचा नव्हता. वडिलांनी लगेच उत्तर दिले नाही.

मुलाने पुढे म्हटले, “पक्ष्यांसाठी रोजची ज्वारी आपण दुप्पट करू.”

तेव्हा वडील म्हणाले, “ते ज्वारी खात नाहीत रे. मीही इतकी वर्षे दाणे टाकले. पण कोणाला काय लागते हे कधी पाहिले नाही.”

मुलाने मग हरियालाविषयी वाचले. हा पक्षी बी दूरवर नेऊन रान वाढवत असेल, म्हणजे झाड राखण्यास एक सबळ कारण मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु हरियालाच्या कुळातील पक्ष्यांची पेषणी बळकट असते. फळांतील पुष्कळसे बी ते दळूनच टाकतात. सह्याद्रीच्या सदाहरित रानातील मोठी डोंगरी कबुतरे रानजायफळासारखी फळे अख्खी गिळून बी शाबूत टाकतात. तसे काम हरियालाकडून फारसे होत नाही. हे त्याने प्रामाणिकपणे वडिलांना सांगितले.

वडील म्हणाले, “मेघरथ राजाने शरण आलेल्या कबुतराला त्याचा उपयोग विचारला होता का?”

शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातील ही कथा त्या घरात लहानपणापासून सर्वांना ठाऊक होती. मुलगा काही बोलला नाही. आठ दिवसांनी त्याने गवंड्याकडून नकाशा बदलून घेतला. नवे गोदाम ठरल्यापेक्षा आखूड झाले आणि काही पोत्यांचे भाडे आजही बाहेर भरावे लागते. तो खर्च वर्षअखेरीस हिशेबात दिसतो आणि मुलाला तो खटकतोही. पण वड उभा आहे.

जीवदयेसाठी धान्याची पोती देणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. ती परंपरा वंदनीयच आहे. परंतु प्रत्येक जीवाचे अन्न पोत्यात मावत नाही. ज्याच्या आवारात जुना वड-पिंपळ असेल, त्याने तो राखावा. ज्याच्याकडे मोकळी जागा असेल, त्याने एखादे रोप लावावे. त्याचे फळ आपण खाणार नाही, आणि ते ज्यांच्यासाठी आहे ते चौथऱ्यावर कधी उतरणार नाहीत. तरीही ते दानच आहे.